पडद्यावर काय ठेवायचं

गावाच्या पाण्याचा ताळेबंद लोकांसमोर मांडणं हे माझं गेल्या कित्येक वर्षांचं काम आहे. पाऊस किती पडला, त्यातला किती वाहून गेला, किती मुरला, विहिरींत आज किती पाणी आहे आणि रब्बीला ते कुठवर पुरेल, हे मोजणारे सहकारी वेगळे. त्यांनी मोजलेलं घेऊन मी ग्रामसभेत जाते, तालुक्याच्या आढावा बैठकीत जाते, निधी देणाऱ्यांसमोरही उभी राहते. भूगोलाची पदवी होती, नकाशा वाचता येत होता आणि चारचौघांत बोलायची भीती नव्हती, एवढ्या भांडवलावर संस्थेने हे काम माझ्याकडे दिलं. चित्रकलेचं शिक्षण मी घेतलेलं नाही. तरीही या कामाने मला जे शिकवलं त्यातलं बरंचसं बघण्याबद्दलचं आहे: पडद्यावर काय आलं की माणसं पुढे सरकून बसतात, कशाने त्यांची नजर सुटते, आणि एखादा आकडा समोर असूनही तो कुणालाच का दिसत नाही.

आमच्या क्षेत्रात नव्याने येणारी मुलंमुली हुशार आहेत, संगणक त्यांना लहानपणापासून सवयीचा आहे. पण त्यांची पीपीटी बघितली की मला आमच्याच जुन्या पीपीटी आठवतात. म्हणून हे लिहावंसं वाटलं.

त्या काळात सगळीकडे एकाच धाटणीची स्लाइड दिसायची. दोन्ही कोपऱ्यांत बोधचिन्हं, वर सावली दिलेलं शीर्षक, खाली आठ-दहा मुद्दे, आणि जागा उरलीच तर हिरव्या शेताचा फोटो. आकडे असतील तर एक्सेलचा तक्ता उचलून तसाच चिकटवलेला. बोलणारा पडद्याकडे तोंड करून वाचायचा. ऐकणारे त्याच्या आधी वाचून मोकळे व्हायचे आणि तो शेवटच्या ओळीपर्यंत पोचायची वाट बघत बसायचे. रिचर्ड मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी शब्द आणि चित्रं मिळून माणूस कसा शिकतो यावर अनेक वर्षं प्रयोग केले. चित्र बघताना आणि निवेदन ऐकताना तेच शब्द पडद्यावरही लिहिलेले असतील तर समजायला मदत होण्याऐवजी अडथळाच होतो, असा त्यांचा एक निष्कर्ष आहे. हे मी पुष्कळ उशिरा वाचलं. समाजमंदिरात ते दर सभेला घडत होतं.

पॉवरपॉइंट १९८७ साली आलं ते मॅकिंटॉश संगणकासाठी. फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीने ते बनवलं आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने १ कोटी ४० लाख डॉलरला ती कंपनी विकत घेतली. सुरुवातीला त्याचा उपयोग ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शिका छापायला व्हायचा. मीही पारदर्शिकांचा तो काळ थोडा पाहिला आहे. पारदर्शिका महाग, म्हणून एकीवर जितकं बसेल तितकं बसवायचं. मला वाटतं, ती काटकसर आमच्या हातात राहिली. स्लाइड फुकट झाली तरी आम्ही ती पारदर्शिकेसारखीच भरत राहिलो.

पण काटकसरीहून मोठं कारण भीतीचं होतं. वरिष्ठांनी काही विचारलं आणि ते स्लाइडवर नसलं तर? निधी देणाऱ्यांच्या प्रतिनिधीला वाटलं की अभ्यास कमी पडला तर? पडद्यावर सगळं असलं की हा प्रश्न मिटतो. भरगच्च स्लाइड बोलणाऱ्याचं रक्षण करते. पुढे कुणीच म्हणू शकत नाही की अमुक सांगितलं नव्हतं. चौथ्या ओळीत होतं, तुम्ही वाचलं नाही. सोपी स्लाइड शिकणं हे माझ्यासाठी या संरक्षणातून बाहेर येणं होतं. रंग, फॉन्ट, मांडणी हे त्यामानाने लवकर जमलं.

बीड जिल्ह्यातल्या एका गावातली गोष्ट सांगते. भूजलाची पातळी मोजतात ती जमिनीपासून खाली. पातळी ९ मीटर, म्हणजे पाणी ९ मीटर खोल. या आकड्यांचा आलेख एक्सेलवर सोपवला की ते खांब वर उभे करतं. ज्या विहिरीचं पाणी सगळ्यात खोल गेलं, तिचा खांब सगळ्यात उंच. आम्हाला रोजची सवय असल्याने त्यात काही वावगं वाटत नव्हतं. तिथे एका शेतकऱ्याने उंच खांबाकडे बोट करून विचारलं, “ताई, ही कुणाची हीर? हिला बरं येवढं पाणी!” त्या विहिरीचा तळ दिसायला लागला होता.

मुक्काम गावातच होता. रात्री ज्यांच्याकडे उतरले होते त्या काकूंशी बोलत बसले. त्या सांगत होत्या की उन्हाळ्यात पोहऱ्याला दोर जोडावा लागतो, कुठल्या विहिरीला किती जोडावा लागतो ते बायकांना पाठ असतं. त्यांच्याकडे खोलीचं माप होतं, ते खाली जाणारं होतं, आणि मी तेच माप वर चढवून दाखवत होते.

पुढच्या भेटीत आलेख बदलला. पडद्याच्या वरच्या भागात एक आडवी मातकट रेघ, ती जमीन. रेघेवर डावीकडे मारुतीचं देऊळ, मध्ये शाळा, उजवीकडे ओढा, म्हणजे गावात जसे येतात त्या क्रमाने. रेघेखाली प्रत्येक विहिरीतून एक दोर सोडलेला, दोराच्या टोकाला पोहरा, पोहऱ्याखाली निळं. दोराची लांबी मापात. ऑक्टोबरचा दोर फिका, मे महिन्याचा गडद. विहिरींना आमच्या नोंदवहीतले क्रमांक होते, ते काढले आणि गाव म्हणतं ती नावं घातली: वडाची, थोरली, मळ्यातली. आकडा सबंध चित्रात एकच ठेवला, सगळ्यात लांब दोराशेजारी, तोही परस या मापात, कारण विहिरीची खोली गावात परसात सांगतात.

मुख्य ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा असते. तिथे हे चित्र पहिल्यांदा लावलं. मी बोलायला तोंड उघडण्याआधीच चर्चा सुरू झाली. वडाच्या विहिरीचा दोर मळ्यातल्या विहिरीपेक्षा लांब कसा, ती तर ओढ्याच्या जवळ आहे, असं एकीने विचारलं. दुसरीने उत्तर दिलं: वरच्या अंगाला बोअर झाल्यापासून. कधी झाले, कुणी घेतले, किती खोल गेले, हे सगळं त्यांनीच सांगितलं. आमच्या अहवालात या निष्कर्षाला अख्खं पान लागलं होतं. मी फक्त ऐकत होते आणि नोंदी घेत होते.

कल्पकता म्हणून जे काही असतं त्याची मला या चित्राने ओळख करून दिली. तोवर कल्पक स्लाइड म्हणजे उडत येणारी अक्षरं, फिरणारं शीर्षक, तयार चित्रांच्या संग्रहातला टोपीवाला परदेशी शेतकरी असंच आसपास चालायचं. दोराच्या चित्रात सजावट काहीच नव्हती. खोली खाली जाते, म्हणून ती खाली काढली. ज्यांना दाखवायची त्यांच्या हातात दोर असतो, म्हणून खांबाच्या जागी दोर आला. वस्तूचा स्वभाव आणि बघणाऱ्याचा अनुभव जिथे जुळतात ती जागा शोधायची, एवढंच. पण ती जागा संगणकासमोर बसून क्वचितच सापडते. त्यासाठी आधी गावात बसावं लागतं.

सोपं करताना एक मोठा धोका असतो, आणि तो मला आमच्या भूवैज्ञानिकाने दाखवला. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग बेसाल्टचा, म्हणजे लाव्हाचे थर एकावर एक बसून झालेल्या खडकाचा. या खडकात पाणी सगळीकडे सारखं साठत नाही. वरचा मुरूम आणि त्याखालचा भेगाळलेला, सच्छिद्र मांजऱ्या पाणी धरतो. घट्ट काळा पाषाण जवळजवळ धरतच नाही. माणदेशातल्या एका गावासाठी आम्ही जमिनीचा उभा छेद काढत होतो. भूवैज्ञानिकांच्या मूळ आकृतीत थरांची रांग होती आणि प्रत्येक थराला इंग्रजी अक्षरांचं सांकेतिक नाव. मी तीन थर ठेवले: मुरूम, मांजऱ्या, पाषाण. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, “पाणी जिथे अडतं तेच तुम्ही काढून टाकलंत.”

ते गेरूबद्दल बोलत होते. दोन लाव्हाथरांच्या मध्ये कधीकधी लाल, चिकणमातीसारखा पातळ थर असतो. पाणी त्यातून सहजी खाली जात नाही, आडवं सरकतं आणि उतारावर कुठेतरी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. त्या गावात टेकडीच्या कुशीत झरा होता आणि त्याच्या जरा खाली खोदलेली विहीर मात्र कोरडी होती. गेरू काढला तर हे कोडं सुटत नाही. मी म्हणत होते की इतके थर गावाला नकोत, ते म्हणत होते की शास्त्राशी खेळू नका. वाद बराच चालला. शेवटी आम्ही एका प्रश्नावर एकत्र आलो: हा थर चित्रातून काढला तर गावकऱ्याचा एखादा निर्णय बदलतो का? विहीर कुठे खोदायची, बंधारा कुठे घालायचा, बोअर किती खोल न्यायचा, यांपैकी काही? ज्या थरांबाबत उत्तर ‘नाही’ असं आलं ते गेले. गेरू राहिला, आणि नुसता राहिला नाही, तर चित्रात सगळ्यात ठळक झाला. खऱ्या मापात काढला असता तर तो केसाएवढा दिसला असता, म्हणून तो जाड काढला आणि थरांची जाडी मापात नाही हे कोपऱ्यात स्पष्ट लिहिलं. रंग पेटीतले घेतले नाहीत. त्याच गावातल्या एका उघड्या विहिरीच्या भिंतीचा फोटो काढून त्यातले रंग उचलले. सभेत एका म्हाताऱ्या बेलदाराने चित्र बघून आपल्या हाताने खोदलेल्या विहिरीत गेरू कितव्या परसाला लागला ते सांगितलं. भूवैज्ञानिकाने ते लिहून घेतलं.

तो प्रश्न मी अजून वापरते. काय गाळायचं हे सौंदर्यदृष्टीने ठरवायला गेलं की चुकीचं गाळलं जातं. ज्याने विषय पुरता समजून घेतलेला नाही त्याला गाळता येतच नाही. तो एक तर सगळं ठेवतो किंवा भलतंच काढतो. म्हणून सोप्या स्लाइडला अवघड स्लाइडपेक्षा जास्त वेळ लागतो. नव्या सहकाऱ्यांना हे पटायला कठीण जातं. दिवसभर बसून एकच चित्र झालं, असं म्हणताना त्यांना अपराधी वाटतं. वाटू नये.

साधी स्लाइड म्हणजे कमी माहिती, असाही एक समज आहे. त्याबद्दल बोलताना मी कोलंबियाचं उदाहरण देते. १६ जानेवारी २००३ला कोलंबिया हे अवकाशयान उडालं तेव्हा बाहेरच्या इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा निघून त्याच्या डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी या धोक्याचं मूल्यमापन नासापुढे मांडलं, आणि ते स्लाइडमधून मांडलं. एडवर्ड टफ्टी या अभ्यासकांनी पुढे त्यातली एक स्लाइड ओळ न् ओळ तपासली. शीर्षक दिलासा देणारं. त्याखाली मुद्दे, उपमुद्दे, त्यांचेही उपमुद्दे अशी उतरंड. आणि अगदी तळाशी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: ज्या चाचण्यांच्या आधारावर तो दिलासा होता त्यांत ३ घनइंचांचा तुकडा वापरलेला, आणि यानाच्या बाबतीत अंदाज होता १,९२० घनइंचांचा. म्हणजे सहाशे पटींहून मोठा. १ फेब्रुवारीला परत येताना यान आकाशातच तुटलं आणि कल्पना चावलांसह सातही अंतराळवीर गेले. स्लाइडमुळे अपघात झाला असं मी म्हणत नाही. पण चौकशी मंडळाने आपल्या अहवालात टफ्टी यांच्या विश्लेषणाची दखल घेतली, आणि तांत्रिक अहवालांच्या जागी स्लाइड वापरायच्या सवयीला दोष दिला.

त्या स्लाइडवर माहितीची कमतरता नव्हती. आवश्यक ती ओळ तिथे छापलेली होती. तिची जागा तळाला होती. मला यातून दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. महत्त्वाचं जे आहे त्याला पडद्यावर मोठी जागा द्यायची, ही एक. आणि तपशील द्यायचाच असेल तर तो कागदावर, पूर्ण वाक्यांत द्यायचा, ही दुसरी.

या दुसऱ्या गोष्टीने आमच्या कार्यालयातला तिढा सुटला. “एकही आकडा गाळू नका,” असं म्हणणाऱ्या वरिष्ठांचं म्हणणं खरं तर रास्त होतं. ताळेबंदात प्रत्येक आकडा कुठून आला हे कुणालाही तपासता आलं पाहिजे. फक्त ते तपासायची जागा पडदा नाही. आम्ही प्रत्येक गावासाठी छापील टिपण करायला लागलो: सगळे तक्ते, सगळी गृहीतकं, विहिरींची यादी, वाक्यं सरळ. ते सभेच्या आधी वाटायचं आणि एक प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायची. वरिष्ठांच्या हातात टिपण आलं, त्यांचं समाधान झालं, आणि स्लाइड मोकळी झाली. जिथे अजून एकाच पीपीटीला अहवाल आणि भाषण अशी दोन्ही कामं करावी लागतात तिथे काहीच धड होत नाही. मेलने पाठवलेली पीपीटी बोलणाऱ्याशिवाय अर्धवट वाटते आणि सभेत तीच जड होते.

अक्षरांबद्दल थोडं. देवनागरीत मराठी पीपीटी करणाऱ्याच्या अडचणी इंग्रजी पुस्तकांत सापडत नाहीत. युनिकोड रुळण्यापूर्वी एका संगणकावर केलेली पीपीटी दुसरीकडे उघडली की शब्दांच्या जागी चिन्हांचा गोंधळ दिसायचा, म्हणून आम्ही स्लाइडची छायाचित्रं करून नेत असू. तो प्रश्न संपला. विंडोजबरोबर आलेला मंगल हा फॉन्ट कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला; पुढे मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने मुक्तासारखा खुला फॉन्ट दिला, जो पडद्यावर लांबून स्वच्छ वाचता येतो आणि हलक्यापासून जाडपर्यंत अनेक वजनांत मिळतो. पण ओळींमधल्या अंतराकडे अजूनही फार थोडे लोक लक्ष देतात. आपल्या लिपीत वेलांटी, मात्रा, रफार वर जातात, उकार आणि जोडाक्षरांचे पाय खाली येतात. इंग्रजीसाठी बसवलेल्या अंतरात दोन मराठी ओळी एकमेकींत घुसतात. अंतर वाढवा, अक्षर मोठं करा; जागा पुरत नाही असं दिसेल, आणि तीच शब्द कमी करायची वेळ. मी लॅपटॉपवर स्लाइड पूर्ण उघडते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन वाचते. तिथून वाचता आलं नाही तर समाजमंदिराच्या शेवटच्या रांगेतल्या आजींना वाचता येणार नाही.

समाजमंदिर म्हणजे पत्र्याचं छप्पर, दोन्ही बाजूंना खिडक्या, दुपारचा उजेड. गडद पार्श्वभूमीवरची नाजूक अक्षरं कार्यालयात सुंदर दिसतात आणि तिथे पुसून जातात. फिकी पार्श्वभूमी आणि काळी अक्षरं टिकतात. चांगली विहीर हिरवी, वाईट विहीर लाल, असंही मी आता करत नाही. लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसं असतात, पुरुषांत ती बायकांपेक्षा कितीतरी जास्त, आणि सभेत कुणी उठून तसं सांगत नाही. भरलेलं वर्तुळ आणि पोकळ वर्तुळ सगळ्यांना कळतं.

सिंधुदुर्गात एका प्रशिक्षणासाठी गेले असताना कुडाळजवळच्या पिंगुळीला जायचा योग आला. ठाकर समाजाची चित्रकथी तिथे अजून जिवंत आहे. परशुराम गंगावणे यांना त्या परंपरेच्या जतनासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रं कागदावर रंगवलेली, त्यांचा जुडगा म्हणजे पोथी. सांगणारा एक चित्र उभं धरतो, गातो, बोलतो, आणि तो प्रसंग संपला की पुढचं चित्र. त्या चित्रांपुढे मी बराच वेळ बसले. पात्रं मोठी, डोळे ठसठशीत, मागची पार्श्वभूमी जवळजवळ रिकामी. गोष्ट माणसाच्या तोंडात, चित्र त्याच्या हातात, आणि दोघांनी एकमेकांचं काम हिरावलेलं नाही. चित्र एकटं बघितलं तर गोष्ट पुरी कळत नाही. ऐकणाऱ्याला सांगणाऱ्याकडे बघावंच लागतं. आमच्या पीपीटीत सांगणाऱ्याची गरजच उरत नव्हती. पिंगुळीनंतर मी एक नियम घालून घेतला: माझ्याशिवाय जी स्लाइड पूर्ण कळते ती टिपणात जाईल, पडद्यावर येणार नाही.

चित्राने सगळं सांगू नये, याचं एक उदाहरण घरातलंच आहे. व्यंगचित्रकार शि. द. फडणीस यांची शब्दांवाचून हसवणारी चित्रं आपल्या सगळ्यांच्या घरी आली आहेत. त्यांनी शाळेच्या गणिताच्या पुस्तकांसाठीही चित्रं काढली. त्यांचं चित्र बघणाऱ्यावर विश्वास ठेवतं, अर्धं काम त्याच्यावर सोपवतं. शेवटचा दुवा त्याने स्वतः जोडला की ती गोष्ट त्याची होते. ग्रामसभेत मी हे वारंवार अनुभवलं आहे. एकाच जागेवरून काढलेले ओढ्याचे दोन फोटो, एक ऑक्टोबरचा आणि एक मे महिन्याचा, शेजारीशेजारी लावायचे आणि गप्प राहायचं. कुणीतरी बोलतंच.

आता त्या स्लाइडबद्दल, जिच्यामुळे या कामाकडे बघायची माझी दृष्टी बदलली. पाण्याच्या ताळेबंदात आमचं एकक टीसीएम, म्हणजे हजार घनमीटर. शासकीय नोंदींत हेच चालतं. एका गावाची तूट निघाली ४० टीसीएम. हा आकडा तक्त्याच्या शेवटच्या ओळीत वर्षानुवर्षं पडून असतो आणि त्याने कुणाला काहीही वाटत नाही. आम्ही तो उलगडायला बसलो. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर, साधारण एक टँकर. एक टीसीएम म्हणजे १० लाख लिटर, असे १०० टँकर. तूट ४,००० टँकरची. टँकर गावाला ठाऊक आहे, पण चार हजार टँकर डोळ्यांसमोर येत नाहीत. मोठ्या आकड्याच्या जागी दुसरा मोठा आकडा बसला, इतकंच. मग पिकाकडे वळलो. पाटाने पाणी दिलेल्या हेक्टरभर उसाला वर्षाकाठी सुमारे २० हजार घनमीटर पाणी लागतं. म्हणजे २० टीसीएम. तूट म्हणजे दोन हेक्टर ऊस. पाच एकर.

स्लाइडवर तेवढंच लिहिलं: गावाची तूट, पाच एकर ऊस. मागे चित्र नाही, बोधचिन्ह नाही.

सभागृह आधी एकदम शांत झालं आणि मग गलका झाला. पाच एकर म्हटल्यावर प्रत्येकाच्या मनात शेतांची नावं आली होती. कुणी ठिबकची भाषा केली, कुणी विचारलं की ज्वारी-हरभरा करणाऱ्यांनी का सोसायचं. ज्यांचा ऊस होता त्यांतले एक गृहस्थ सभेनंतर मला येऊन म्हणाले, “तक्ता दाखवला असता तरी चाललं असतं, मॅडम. हे असं कशाला?” त्यांच्या बोलण्यात राग होता आणि थोडी काळजीही होती. मी त्यांच्यासोबत बसले, त्यांच्या शेताचा हिशेब ठिबक धरून पुन्हा मांडला. पुढच्या हंगामात त्यांनी उसाच्या काही भागावर ठिबक घातलं, काही भाग तसाच ठेवला. गावाची तूट त्या वर्षी भरून निघाली नाही, पण तिच्याबद्दल बोलणं थांबलंही नाही.

त्या गृहस्थांचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. तक्ता का चालला असता? कारण तक्त्यात कुणीच दिसत नाही. चाळीस टीसीएमला मालक नसतो. पाच एकराला असतो. आकडा सोपा केला की तो कुणाच्या तरी दारात जाऊन उभा राहतो, आणि त्याला तिथे उभं करणारी मी असते. त्याचं उत्तरदायित्व घ्यावं लागतं, हिशेब पुन्हा तपासून ठेवावा लागतो, राग ऐकून घ्यावा लागतो. गर्दीच्या स्लाइडमागे उभं राहून हे सगळं टाळता येतं. इतके समंजस, अभ्यासू लोक दशकानुदशकं वाचता न येणारे तक्ते दाखवत आले, त्याचं कारण त्यांना डिझाइन येत नव्हतं एवढंच असेल, हे मला आता पटत नाही.

हल्ली तयार साचे भरपूर मिळतात, मजकूर दिला की संगणक क्षणात देखणी मांडणी करून देतो. मी तेही वापरते. वेळ वाचतो. पण तूट ४० टीसीएम लिहायची, ४,००० टँकर लिहायची की पाच एकर ऊस, हे ज्याला त्या गावात उभं राहायचं आहे त्यानेच ठरवायचं असतं. तयार शिस्तीचंही तसंच. जपानमध्ये २००३ साली सुरू झालेल्या पेचाकुचा या सादरीकरणाच्या पद्धतीची शिस्त, २० चित्रं आणि प्रत्येकाला २० सेकंद, आम्हीही कार्यालयात करून पाहिली. बोलण्यातला पसारा आवरायला ती उत्तम आहे. गावासाठी ती उपयोगाची नाही, कारण तिथे चांगल्या चित्रावर अर्धा तासही थांबावं लागतं, आणि थांबावं.

नव्या सहकाऱ्यांना मी आधी लॅपटॉप बंद करायला सांगते. ज्यांच्यासमोर जायचं त्यांना उद्या काय ठरवायचं आहे ते एका वाक्यात लिहा. मग त्या ठरवण्याला जे लागतं तेवढंच वहीत पेन्सिलने काढा. पीपीटी सगळ्यात शेवटी. वाक्य लिहिता येत नसेल तर मोजणाऱ्या सहकाऱ्याकडे परत जा. अजून आपल्याला कळलेलं नाही.

तुम्ही पाणी, आरोग्य, शाळा, शेती, कशाचाही हिशेब लोकांसमोर मांडत असाल, तर माझी एक विनंती आहे. तुमच्या पीपीटीच्या शेवटच्या स्लाइडवर, तक्त्याच्या तळाशी जो आकडा ठेवला आहे, तो काढून पहिल्या स्लाइडवर घ्या, लोक ज्यात मोजतात त्या मापात लिहा, आणि त्याच्याबद्दल प्रश्न विचारायला सभेचा उरलेला सगळा वेळ लोकांना द्या.